राघो भोईरचा कोट आणि पिंकी

दोन हजार पाच साली कामतघरात येऊन कुणी "चोर कुठे राहतो?" असं विचारलं असतं, तर पानवाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी रवींद्र शेजवळचं घर दाखवलं असतं. वर "आत्ता घरीच असेल, दुसऱ्या शिफ्टला आहे" अशी माहितीही दिली असती. रवींद्रने आयुष्यात कुणाची सुताची कांडीसुद्धा उचलली नव्हती. तो कापड विणायच्या लूमवर कामाला होता, शिवाय होमगार्डमध्ये होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी कशेळीच्या खाडीजवळच्या मोकळ्या जागेत तो पोलिसांच्या कुत्रीपुढे चोर होऊन पळायचा. हे काम तो तीन वर्षं करत होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

हे काम त्याच्याकडे आलं ते त्याच्याच घाईमुळे. होमगार्डच्या परेडला एकदा साहेबांनी विचारलं, पळायला कोण चांगलं आहे? रवींद्रला वाटलं, शर्यत आहे, बक्षीस असेल. त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. दुसऱ्या दिवशी त्याला एका हातात जाडजूड बाही चढवून उभं केलं आणि समोरून एक कुत्रा सोडला. पळायला तो खरोखरच चांगला होता, हे त्या दिवशी सगळ्यांनी मान्य केलं.

पोलिसांच्या श्वानपथकाची ती बाही वर्षभरात फाटली. नव्या बाहीची मागणी कागदावर गेली आणि कागदावरच राहिली. तेव्हा रवींद्रच्या बायकोने, शेवंताने, गोणपाट घेतलं, त्यात लूमवरच्या चिंध्या भरल्या आणि वाकळ शिवावी तशी दाट टाक्यांनी नवी बाही शिवून दिली. सरकारी बाहीपेक्षा ती जास्त टिकली. कुत्रीचे दात आपल्या टाक्यांत अडकतात, पण नवऱ्याच्या हाताला लागत नाहीत, हे शेवंता चाळीतल्या बायकांना अगदी सहज सांगायची, पण दर दोन दिवसांनी सांगायची.

कुत्रीचं नाव पिंकी. काळीभोर डॉबरमन, छाती भरलेली, कान ताठ. ती पथकात आली तेव्हा आधीच्या साहेबांची मुलगी चार वर्षांची होती आणि नाव तिने ठेवलं. सरकारी कागदावर एकदा चढलेलं नाव कोण बदलणार? तिला सांभाळणारा आणि शिकवणारा शिपाई मनोज. तो मानकोलीचा, आगरी घरातला, अठ्ठावीस वर्षांचा तगडा गडी. भर बंदोबस्तात "पिंकी, इकडे ये" अशी हाक मारताना त्याला जरा अवघड व्हायचं, म्हणून तो हाक मारण्याआधी मिशीवरून हात फिरवायचा.

चोर धरायला शिकवणं म्हणजे चावायला शिकवणं, असा लोकांचा समज असतो. चावणं कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही. पिल्लू असताना फडकं ओढायला द्यायचं, मग बाही पुढे करायची, मग बाही घातलेला माणूस पळवायचा, की "पकड" त्याला आपोआप येतं. खरं शिकवणं आहे ते "छोड"चं. तोंडात आलेलं सोडायचं, आणि चोर गप्प उभा असेल तर त्याला हात न लावता नुसतं बसून राखायचं. यात रवींद्रचं कसब होतं. तो जिवाच्या आकांताने पळे, खाली पडे, ओरडे, आणि "छोड" ऐकू आलं की खांबासारखा निश्चल होई. ओरडायचा इतका खरा की पहिल्या महिन्यात आजूबाजूच्या गोदामांतले हमाल दोनदा काठ्या घेऊन धावत आले होते.

पण तीन वर्षांत एक गोम झाली. पिंकीला तो आवडायला लागला. यात चूक रवींद्रचीच. सराव संपला की डब्यातल्या भाकरीचा तुकडा तो तिला हळूच द्यायचा, कधी त्यावर सुकटही असायची. मनोजने दहा वेळा बजावलं होतं की चोराने कुत्र्याला खाऊ घालायचं नसतं. रवींद्र मान डोलवायचा आणि मनोजची पाठ फिरली की तुकडा द्यायचा. परिणाम असा की पिंकी त्याच्यावर झेप घ्यायची ती सासरहून आलेली भाची मामाला बिलगावी तशी. बाही तोंडात धरायची आणि आखूड शेपटी हलवायची. आणि ओळख परेडचा सराव असला, म्हणजे कपडा हुंगून रांगेतला माणूस शोधायचा असला, की कपडा कुणाचाही द्या, ती थेट रवींद्रसमोर जाऊन बसायची. चोर म्हणजे हाच, हे तिच्या मनात पक्कं झालं होतं.

पिंकीची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. पिंकी नापास झाली तर तिला पथकातून काढणार आणि मनोजला पुन्हा कोठडीच्या पहाऱ्यावर उभं करणार, हे ठरलेलं. नियमाप्रमाणे दर सरावाला नवा माणूस हवा. पण डॉबरमनकडून धरून घ्यायला दर आठवड्याला नवा माणूस कुठून आणणार? मनोजने मानकोलीतल्या चुलतभावांना विचारलं. त्या दिवसापासून ते त्याला टाळायला लागले.

तोड रवींद्रने काढली. कुत्री वासावर चालते ना, मग माणूस नवा कशाला, वास नवा आणू. त्याने चाळीत फिरून लोकांचे न धुतलेले, घामेजलेले कपडे मागायला सुरुवात केली. आधी लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. मग कारण कळल्यावर सगळ्यांना मौज वाटली. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या तुळशीरामने खळीचा वास मारणारा बनियन दिला. सुकी मासळी विकणाऱ्या पार्वतीबाईने जुनी शाल दिली आणि ही घातल्यावर कुत्रीच पळून जाईल असं भविष्यही सांगितलं. लडकू रिक्षावाल्याने खाकी शर्ट दिला. रवींद्र त्यातला एक कपडा पिंकीला हुंगवायचा, तो अंगावर चढवायचा आणि जाऊन लपायचा. पिंकी शोधायची, धरायची आणि बिस्कीट खायची.

कपडे परत देताना मात्र धुऊन द्यायचे, अशी अट लोकांनी घातली. ते रास्तच होतं. धुणार अर्थात शेवंता. दुसऱ्या आठवड्यात कपड्यांचे दोन ढीग झाले, तिसऱ्या आठवड्यात चार. लडकूच्या घरातून शर्टाबरोबर दोन चादरी आणि एक पडदा आला, तेव्हा शेवंताच्या लक्षात आलं की पोलिसांना मदत करण्याचा उत्साह चाळीत एकाएकी इतका का वाढला. तिने चादरी आणि पडदा लडकूच्या दारात नेऊन ठेवले आणि कुत्रीला पडदे चालत नाहीत असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

सगळ्यांत कामाचा निघाला तो राघो भोईरचा कोट. राघोदादा चाळीच्या कोपऱ्यावरच्या खोलीत राहायचे. वय अठ्ठावन्न, मानकोलीच्या एका मोठ्या गोदामावर वॉचमन. त्यांच्या लोकांनी जमिनी विकून बंगले बांधले, यांच्या वाट्याला मात्र भावकीच्या भांडणातून काहीच आलं नाही, तरी कधी कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. बावीस वर्षं गेटवर बसून एक खोकाही इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि तेवढी एकच गोष्ट ते स्वतःबद्दल बोलत. त्यांच्याकडे दोन खाकी कोट होते. जुना त्यांनी रवींद्रला देऊन टाकला. त्याला बिडीचा, खोबरेल तेलाचा आणि बावीस वर्षांच्या घामाचा असा पक्का वास होता की पिंकीला तो कोसभरावरून कळावा. मनोज खूश झाला. पिंकी कोटावर एकदाही चुकेना. मग दर शुक्रवारी कोटच वापरायचा, असं दोघांनी ठरवलं. सलग सहा शुक्रवार कोट, सलग सहा शुक्रवार बिस्कीट.

सातव्या आठवड्यात, बुधवारी पहाटे, राघोदादांच्या गोदामात चोरी झाली. मोबाइलचे खोके गेले, बरेच गेले. मागच्या पत्र्याचे स्क्रू काढून माल नेला होता. सकाळी मनोज पिंकीला घेऊन पोचला. रवींद्र तेव्हा लूमवर होता. पत्र्यापाशी पडलेलं एक फडकं पिंकीला हुंगवलं. पिंकीने मागची बाजू पाहिली, रस्त्यापर्यंत जाऊन आली, जरा घोटाळली. गेटवर हमाल, ड्रायव्हर, कारकून अशी चाळीसएक माणसं जमली होती. पिंकीने नाक वर केलं, गर्दीतून सरळ वाट काढली आणि राघोदादांच्या कोटाची बाही धरली. मग बाही सोडून समोर बसली आणि मनोजकडे पाहून बिस्किटाची वाट पाहू लागली.

पथकही ज्यांच्या हाताखाली होतं त्या पोलीस चौकीच्या साहेबांनी राघोदादांना चौकशीसाठी नेलं. चाळीस माणसांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत कामतघरातही सगळ्यांना कळलं, आणि येत्या रविवारी राघोदादांच्या मुलीचा, विनिताचा, साखरपुडा होता.

रवींद्र शिफ्टवरून आला तो ही बातमी ऐकूनच. ऐकता ऐकताच त्याला सगळं उमगलं. पिंकीने चोर शोधला नव्हता, तिने शुक्रवारचा माणूस शोधला होता. तो तसाच मनोजकडे गेला. मनोजलाही ते गेटवरच कळलं होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता. पण तो म्हणाला, दोन दिवस गप्प बसू. खरा चोर सापडेल, राघोकाका आपोआप सुटतील. आत्ता बोललो तर नियम मोडून सराव घेतला हे बाहेर येणार, पिंकी जाणार, आपण दोघंही जाणार.

रवींद्र घरी येऊन बसला. समोर ताट आलं, त्याने हात लावला नाही. पिंकीवर त्याचा खरंच जीव होता आणि आपण केलेली युक्ती आपल्याला इतकी महागात पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी काय बिघडतं, असं तो स्वतःशीच घोकत होता. शेवंताने सगळं ऐकून घेतलं. समोरच्या बाजूला राघोदादांचं दार लोटलेलं होतं आणि आत कुणी दिवाही लावला नव्हता.

"अहो, खरा चोर सापडला तर राघोदादा सुटतील," ती म्हणाली. "आणि नाहीच सापडला तर? शिवाय सुटले तरी लोक म्हणणार, कुत्रीने धरलं होतं, काहीतरी असेलच. ते कोण पुसणार? तुम्हीच ना?"

रवींद्रने ताट पुढे ओढलं आणि जेवला, कारण सकाळी लवकर निघायचं आता ठरलं होतं.

सकाळी तो चौकीत साहेबांपुढे उभा राहिला तेव्हा मनोज त्याच्या आधीच तिथे आलेला होता. त्यालाही झोप लागली नव्हती. दोघांनी मिळून सगळं सांगितलं, बनियन, शाल, कोट, बिस्किटं, सगळं. साहेब रवींद्रला म्हणाले, कुत्रीवर विश्वास ठेवायचा नाही, तुझ्यावर ठेवायचा, असं का? शेजाऱ्याला सोडवायला कुणीही अशी गोष्ट रचेल.

रवींद्र म्हणाला, "साहेब, माझ्यावर नका ठेवू. कुत्रीलाच विचारा. तासाभरात चोरांची रांग उभी करतो."

तासाभरात चौकीच्या अंगणात दहा माणसं उभी राहिली. पाच साहेबांचे शिपाई, साध्या कपड्यांत, आणि पाच कामतघरचे, सरावाला कपडे दिलेले. सायझिंगचा तुळशीराम, लडकू, पार्वतीबाई आणि आणखी दोघं. यातलं कुणीही आदल्या दिवशी मानकोलीकडे फिरकलं नव्हतं. पार्वतीबाईला पाटी बाजारात तशीच ठेवायला लावून आणलं होतं, म्हणून ती तापलेली होती. साहेबांनी स्वतःचा रुमाल काढून दिला. पिंकीने तो हुंगला. साहेब तर रांगेतही नव्हते, बाजूला खुर्चीवर बसले होते.

पिंकी रांगेवरून गेली. पाचही शिपायांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती तुळशीरामसमोर बसली आणि मनोजकडे पाहू लागली. साहेबांनी तुळशीरामला बाजूला केलं. पिंकी लडकूसमोर बसली. लडकूला बाजूला केलं, तर ती पार्वतीबाईसमोर जाऊन बसली. पार्वतीबाईने तिला दम दिला की मेले, तुला माझीच शाल सापडली होय, आणि शिपाई तोंड फिरवून हसायला लागले. साहेबांनी उरलेल्या दोघांनाही बाजूला केलं. आता रांगेत फक्त शिपाई राहिले. पिंकीने रांग दोनदा पाहिली, मग अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या रवींद्रपाशी आली आणि अगदी समाधानाने बसली.

साहेबांनी आपला रुमाल घडी करून खिशात घातला. मग ते म्हणाले की या कुत्रीच्या हिशेबाने अर्धं कामतघर आत टाकावं लागेल. हसू त्यांनाही आवरेना, पण पुढच्या क्षणी त्यांनी मनोज आणि रवींद्र दोघांनाही असं फैलावर घेतलं की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. पिंकी परीक्षेला जाणार नाही, पुन्हा पहिल्यापासून शिकेल, दर वेळी नवा माणूस उभा राहील, आणि पहिले सहा महिने तो माणूस चौकीतला शिपाई असेल. हे ऐकताच मघाशी हसणाऱ्या शिपायांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. रवींद्रला सरावातून काढलं. मनोजला पिंकीपाशी राहू दिलं, ते मात्र तो स्वतःहून बोलायला आला म्हणून.

राघोदादांना सोडलं. (खरा चोर दहा दिवसांनी सापडला, माल भरायला आलेल्या बाहेरगावच्या एका ट्रकवरचा क्लीनर. पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.) रवींद्र बाहेर उभा होता. राघोदादा बाकावर बसून चपला घालत होते. एका दिवसात ते वाळल्यासारखे दिसत होते. रवींद्रने वाकून पाय धरले, तर त्यांनी पाय मागे घेतले. राग त्यांच्या आवाजात नव्हता, हेच रवींद्रला जास्त लागलं.

"हितं माज्या पाया पडून काय व्हनार हाय, रवी?" ते म्हणाले. "हितं मना कोन वलकतं? मना धरलं तं गेटवर."

म्हणून सगळे गेटवर गेले. साहेबांना यायचं कारण नव्हतं, पण तेही जीप काढून आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दुपारची शिफ्ट सुटत होती. तेच हमाल, तेच ड्रायव्हर, तेच कारकून. राघोदादा जीपमधून उतरले तसं सगळं थांबलं. कुणी पुढे आलं नाही, कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. त्यांच्या स्टुलावर बदली माणूस बसला होता. राघोदादांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो उठला. राघोदादा स्टुलावर बसले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, टेबलावरचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

रवींद्र गेटमधून आत जायला निघाला. आत गेल्यावर सगळ्यांना गोळा करून काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. राघोदादांनी हात आडवा केला.

"लिवल्याबिगर आत सोडत न्हाय," ते म्हणाले. "नाव, गाव, काम."

रवींद्रने पेन घेतलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी त्याचा हात थांबला. तिथे वरच्या सगळ्या ओळींत माल भरणे, माल उतरवणे, बिल देणे असं लिहिलेलं होतं. वाटेत जुळवलेलं लांबलचक भाषण त्याला त्या रकान्यात मावेना. मग त्याने बारीक अक्षरांत लिहिलं आणि रजिस्टर परत फिरवलं.

राघोदादांनी ते डोळ्यांजवळ धरलं. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे ते एकेक शब्द मोठ्याने वाचायचे, ही त्यांची नेहमीची सवय होती. गेटवरच्या चाळीस माणसांनी तो एकेक शब्द ऐकला.

"रवींद्र शेजवळ. कामतघर. काम... राघो भोईर... यांच्यावर... खोटा आळ... आणला, त्याची... माफी मागणे."

मागून एका हमालाने "राघोकाका, चाय बोलू का?" असं विचारलं, तसे चारदोन जण जवळ सरकले, आणि कुणीतरी विनिताच्या साखरपुड्याला किती वाजता यायचं ते विचारलं. रवींद्र डोळे पुसत होता आणि ते कुणापासून लपवतही नव्हता. मागे साहेब उभे होते. राघोदादांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

"साहेब, तुमी बी लिवा," ते म्हणाले.

साहेबांनी टोपी काखेत घेतली, वाकून नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि तिसऱ्या रकान्यात, रवींद्रच्या ओळीखाली, "वरीलप्रमाणे" असं लिहून सही केली.